ती पेशी कोण आहे, ते लिही

तुझा मेसेज वाचला. एवढं लांबलचक लिहिलंस आणि खरा प्रश्न शेवटच्या ओळीत ढकललास. ‘मॅडम, रिपोर्ट दोन दिवस थांबवला तर चालेल का?’ चालेल. थांबव. आता बाकीचं बोलू.

तिशीही न गाठलेली बाई. स्तनात गाठ, काही आठवड्यांत भराभर वाढलेली. मॅमोग्राफीत कॅल्सिफिकेशनचा, म्हणजे चुन्याच्या कणांचा, मागमूस नाही. ट्रू-कटमध्ये, म्हणजे सुईने काढलेल्या बायॉप्सीच्या धाग्यात, एकमेकींना न धरणाऱ्या सुट्या पेशी, कोलॅजेनमधून एकामागे एक रांगेत चाललेल्या. स्तनाच्या कॅन्सरचे नेहमीचे तीन मार्कर: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. मग कुणीतरी ई-कॅडहेरिन, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन, लावलं, तेही निगेटिव्ह. तुझे सर म्हणाले, झालं, लोब्युलर कार्सिनोमा (स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार), ट्रिपल निगेटिव्ह, टाइप करायला दे. सर्जननी ऑपरेशनची तारीख देऊन ठेवलेली. आणि तुला न्यूक्लियस ‘काहीतरी वेगळेच’ वाटतायत, पण तू पडलीस सेकंड इयरची रेसिडेंट.

तू कुठल्या इयरला आहेस यावर मी शाई घालवणार नाही. न्यूक्लियस वेगळे आहेत की नाहीत, एवढाच मुद्दा आहे.

तुझ्या रिपोर्टमध्ये आत्तापर्यंत काय जमलंय ते बघ. चार नकार. ती पेशी ईआर नाही, पीआर नाही, हर-टू नाही, ई-कॅडहेरिन नाही. मग ती आहे कोण? एकाही मार्करने ‘मी आहे’ असं म्हटलेलं नाही. दारावरची बेल वाजली, आलेला माणूस पोस्टमन नाही, शेजारी नाही, भाडेकरू नाही, म्हणून तो जावईच, असं कुणी ठरवतं का? बायॉप्सीच्या टेबलावर मात्र हे रोज चालतं, आणि त्याला आपण निदान म्हणतो.

सायटोकेरॅटिन, एपिथेलियल पेशींचा मार्कर, लावलंय का? तुझ्या मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही, म्हणजे लावलेलं नसणार. कार्सिनोमा म्हणायचं तर पेशी एपिथेलियल, म्हणजे अवयवाच्या अस्तराची, आहे एवढं तरी आधी सिद्ध व्हायला हवं. गाठ स्तनात आहे, पेशी रांगेत आहेत, म्हणून ते गृहीत धरलं गेलं. ट्रिपल निगेटिव्ह कोण असतं ठाऊक आहे ना? ट्रिपल निगेटिव्ह ब्रेस्ट कॅन्सर असतो, तसाच लिम्फोमा असतो, मेलानोमा असतो, आणि गाठ होऊन बसलेला ल्युकेमियाही असतो. ज्या पेशीचा स्तनाशी जन्माचाच संबंध नाही, ती ईआर कशाला दाखवेल?

दुसरं, लोब्युलर कार्सिनोमात दहापैकी नऊ वेळा ईआर पॉझिटिव्ह येतो. प्लिओमॉर्फिक, म्हणजे वेड्यावाकड्या पेशींच्या, प्रकारात तो कधीकधी जातो, मान्य. पण ‘क्लासिक लोब्युलर, ईआर शून्य’ असं वाचलं की तिथेच हात थांबला पाहिजे. आणि ई-कॅडहेरिनचा सापळा तर फारच गोड आहे. ते गेलं म्हणजे लोब्युलर पक्कं, हे आपण इतकं घोकलेलं असतं की ब्लास्टवरही, म्हणजे ल्युकेमियाच्या कोवळ्या पेशीवरही, ते नसतं हे कुणाला आठवत नाही. चुकीच्या निदानावर बरोबर मार्करचा शिक्का बसतो, आणि शिक्का बसलेला कागद पुन्हा कुणी वाचत नाही. रांगेचंही तेच. ब्लास्टही रांगेत जातात, डक्टभोवती गोल फेर धरतात, डक्टला धक्का न लावता पुढे सरकतात. लो पॉवरवर दोघी जुळ्या बहिणी. फरक हाय पॉवरवर आहे, आणि तू तिथेच पाहिलंस.

आता पुन्हा बैस आणि चाळीसवर नीट बघ. क्रोमॅटिन पिठासारखं बारीक आहे का? न्यूक्लियसला घडी आहे का, एका बाजूने दबल्यासारखी? सायटोप्लाझम नावापुरतं आहे की लोब्युलरमध्ये असते तशी म्युसिनची छोटी पोकळी कुठे दिसते? शेजारच्या लोब्यूलमध्ये इन-सिटू, म्हणजे अजून बाहेर न फुटलेला कॅन्सर, कुठे आहे का? माइटोसिस, म्हणजे विभागणाऱ्या पेशी, किती? आणि मुख्य म्हणजे इओसिनोफिल, रक्तातल्या केशरी दाण्यांच्या पांढऱ्या पेशी, शोध. नुसते वयात आलेले नकोत, त्यांची पोरं शोध: गोल किंवा किंचित खाच असलेला न्यूक्लियस, भोवती भडक केशरी दाणे. स्तनाच्या गाठीत असा कोवळा, म्हणजे इओसिनोफिलिक मायलोसाइट, दिसला तर तो तिथे वाट चुकून आलेला नसतो. सगळ्या केसेसमध्ये तो सापडत नाही. न सापडला म्हणून काही रद्द होत नाही, हे वेगळं सांगायला नको. धाग्याच्या कडेच्या चिरडलेल्या पेशींवरून मत बनवू नकोस, मधल्या भागात बघ.

मग इम्यूनो, म्हणजे मार्कर लावून रंगवणं. इथे दुसरा सापळा आहे आणि त्यात भलेभले पडतात. समजा केरॅटिन निगेटिव्ह आलं. लगेच सगळे म्हणतील, लिम्फोमा. एलसीए, म्हणजे पांढऱ्या पेशींचं सीडी ४५, लावतील. मायलॉइड, म्हणजे लिम्फॉइड सोडून अस्थिमज्जेतल्या (मॅरोतल्या) दुसऱ्या घराण्याच्या, ब्लास्टवर ते फिकं येतं, कधी येतच नाही. फिकं आलं की कुणीतरी म्हणणार, ‘लिम्फॉइड नाही, मग पुअरली डिफरन्शिएटेड कार्सिनोमाच.’ गाडी पुन्हा मूळ स्टेशनात. समजा सीडी ४५ आलं, तर बी-सेलचं सीडी २० आणि टी-सेलचं सीडी ३ लावतील, दोन्ही निगेटिव्ह. सीडी ४३ तेवढं झगझगीत पॉझिटिव्ह. मग ‘टी-सेल लिम्फोमा असावा’ असं काहीतरी पुटपुटलं जातं. हे चित्र फळ्यावर लिहून ठेव: सीडी ४३ पॉझिटिव्ह, सीडी ३ आणि सीडी २० निगेटिव्ह असेल तर आधी मायलॉइड सार्कोमा, म्हणजे गाठ होऊन बसलेला मायलॉइड ल्युकेमिया, डोक्यात आला पाहिजे. सीडी ९९ पॉझिटिव्ह आलं तर कुणी युइंग सार्कोमाही म्हणेल. म्हणू दे.

म्हणून पॅनेल पहिल्यापासून असं माग की कुणीतरी ‘हो’ म्हणेल. मायलोपेरॉक्सिडेज (एमपीओ), लायसोझाइम, सीडी ११७, सीडी ३४, सीडी ६८. मोनोसाइटिक असेल तर एमपीओ हात वर करणार नाही, तेव्हा लायसोझाइम आणि सीडी ६८ कामाला येतात. टीडीटी, पॅक्स-५ आणि सीडी ३ विसरू नकोस, कारण लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाही स्तनात गाठ होऊन येतो, किशोरवयीन मुलींमध्ये विशेष. सगळं एका दमात माग. ट्रू-कटचा धागा केवढासा असतो, आणि दर वेळी ब्लॉक मायक्रोटोमवर चढवला की पातळी जुळवण्यात चार-सहा सेक्शन केरात जातात. टेक्निशियनला सांगून एकाच बैठकीत कोऱ्या स्लाइड कापून ठेव. काही फिशसाठी, म्हणजे गुणसूत्रांतले बदल बघायला, राखून ठेव: इन्व्हर्जन १६ आणि ८;२१ ट्रान्सलोकेशन बघावं लागेल, शिवाय एनपीएम-१ आणि फ्लिट-३ या जनुकांसाठी टिश्यू लागेल. स्तनातल्या मायलॉइड सार्कोमाशी इन्व्हर्जन १६ चं नातं बऱ्याच वेळा नोंदलं गेलंय.

पण हे सगळं उद्या. आज, आत्ता, तिचं रक्त बघ.

तुझ्या मेसेजमध्ये हिमोग्रामचा एक आकडाही नाही. मागवलाच नाही, की मागवला आणि ‘नॉर्मल’ वाचून मिटला? काउंटर मशीन काय म्हणतं ते मला सांगू नकोस. पेरिफेरल स्मिअर, स्लाइडवर रक्ताचा पातळ थर, कर आणि स्वतः बघ, स्मिअरच्या कडा आणि शेपूट धरून. सर्जरीच्या फाइलमध्ये हिमोग्राम भुलीच्या फिटनेससाठी असतो, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट पुरेशा असल्या की पान उलटतं. शंभर पेशींत दोन ब्लास्ट असले तर ते त्या पानावर दिसणार नाहीत. ल्युकेमियाची शंका असलेल्या बाईच्या प्लेटलेट किती आहेत, कोॲग्युलेशन कसं आहे, हे तिला टेबलावर घेण्याआधी कुणीतरी पाहिलंच पाहिजे. प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया निघाला तर रक्तस्राव हा पहिला शत्रू असतो.

आणि फोन उचल. रिक्विझिशन फॉर्मवर काय लिहून येतं ते मला पाठ आहे: ‘लम्प ब्रेस्ट, क्वेरी सीए.’ बाईला पूर्वी ल्युकेमिया होऊन गेला होता का, मॅरो ट्रान्सप्लांट झालं होतं का, हिरड्या सुजल्यात का, ताप येतो का, दुसऱ्या बाजूलाही काही लागतं का, यातलं काहीही त्या फॉर्मवर नसतं. ट्रान्सप्लांटनंतर मॅरो स्वच्छ आणि आजार परत आला तो थेट स्तनात, असं होतं. ही माहिती पेशंटच्या तोंडात तयार असते, आपण विचारत नाही म्हणून ती लॅबपर्यंत पोचत नाही.

स्मिअर स्वच्छ आला तर? मॅरो केली आणि तीही स्वच्छ आली तर? मग लोक तुला हसतील. हसू देत. स्वच्छ मॅरो हाही नकारच आहे. मॅरोत ल्युकेमिया सापडला नाही, एवढंच त्यातून कळतं. स्तनातली पेशी कोण आहे याचं उत्तर मॅरो देणार नाही, ते तुझ्या ब्लॉकमधूनच यायचंय.

हे लोकांना पचत नाही याचं मला नवल वाटत नाही. ॲलन बर्न्सने १८११ मध्ये अशा गाठीचं वर्णन केलं. किंग नावाच्या डॉक्टरने १८५३ मध्ये तिला क्लोरोमा म्हटलं, कारण ताजी कापली की ती हिरवट दिसायची. तो रंग मायलोपेरॉक्सिडेजचा. तुझ्या पॅनेलमध्ये आपण जे शोधतोय तेच हे एन्झाइम, त्या काळात नुसत्या डोळ्यांना दिसलं होतं. हवा लागली की रंग उतरतो, आणि सगळ्याच गाठी हिरव्या नसतात, त्यामुळे ट्रू-कटमध्ये त्याची वाट बघू नकोस. पण या गाठीचं नातं रक्ताशी आहे हे डॉकने मांडलं ते १८९३ मध्ये. म्हणजे गाठ सापडल्यापासून ती कुणाची हे कळायला ऐंशीहून जास्त वर्षं गेली. रॅपापोर्टने १९६६ मध्ये ग्रॅन्युलोसिटिक सार्कोमा म्हटलं, आता आपण मायलॉइड सार्कोमा म्हणतो. गाठ जिथे दिसते तिथलीच असणार, ही समजूत फार जुनी आहे. तुझ्या सरांना एकट्याला दोष देऊ नकोस.

एवढा हट्ट कशासाठी, असं तुला कुणीतरी विचारेलच. ‘कॅन्सर तर आहेच ना, मग गाठ काढून टाकू, नाव नंतर ठरवू.’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता रागही येत नाही. खोटं बोलतेय, येतो. स्तन काढून ल्युकेमिया जात नाही. मायलॉइड सार्कोमा एकटी असली, मॅरोत काही नसलं, तरी तिला एएमएलचीच, म्हणजे मायलॉइड ल्युकेमियाचीच, ट्रीटमेंट लागते: सायटॅराबिन, सोबत अँथ्रासायक्लिन, आणि पुढे ट्रान्सप्लांटचा विचार. नुसती कापली किंवा नुसतं रेडिएशन दिलं तर बहुतेक वेळा काही महिन्यांत, वर्षाच्या आत, आजार रक्तात उतरतो. स्तनाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या किमोत सायटॅराबिन नसतं. अँथ्रासायक्लिन असतं, त्यामुळे गाठ काही काळ लहानही होऊ शकते, आणि मग सगळ्यांना वाटतं की निदान बरोबर होतं. बाईचा स्तन गेलेला, काखेतल्या गाठी काढलेल्या, हात सुजलेला, आणि खरी ट्रीटमेंट अजून सुरूच नाही.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण तू मला विचारलंयस आणि माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मला लॅबमध्ये मागून ‘ब्रेक’ म्हणायचे. मॅडमच्या हातात ब्लॉक गेला की गाडी थांबली. एका तरुण बाईची बायॉप्सी मी अशीच अडवली होती, दोन्ही स्तनांत गाठी होत्या. सर्जन तणतणत लॅबमध्ये आले. तुमच्या शंकांपायी माझी लिस्ट अडते, तुम्हाला पेशंटचे नातेवाईक सांभाळावे लागत नाहीत, वगैरे. मी त्यांना मायक्रोस्कोपच्या समोरच्या आयपीसवर बसवलं. नशिबाने धागा फॉर्मॅलिनमध्ये जाण्याआधी आमच्या टेक्निशियन मुलीने तो स्लाइडवर हलकेच टेकवून घेतला होता, ओढला नव्हता, आणि हवेत सुकवून गिम्सा रंग दिला होता. निळसर ब्लास्टच्या गर्दीत एका पेशीच्या सायटोप्लाझममध्ये बारीक लालसर काडी होती. पॉइंटर तिच्यावर नेऊन ठेवला आणि काही बोलले नाही. मायलॉइड ब्लास्टची ही खूण, ऑवर रॉड, विद्यार्थीदशेत सगळ्यांनीच पाठ केलेली असते. ते उठले, ‘कळवा’ म्हणाले आणि गेले.

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढच्या ट्यूमर बोर्डला, म्हणजे कॅन्सरच्या केसेसच्या बैठकीला, मी तीच केस रंगवून रंगवून सांगितली, त्यांच्यासमोर, त्यांच्या ज्युनियर्ससमोर. त्यानंतर त्यांच्या बायॉप्सी आमच्याकडे उशिरा यायला लागल्या, फॉर्म कोरे, फोन उचलायचे नाहीत. त्याची रुखरुख मला अजून आहे. कोऱ्या फॉर्मचा भुर्दंड मला पडला नाही, पेशंटना पडला. तरी सांगते, रिपोर्ट अडवल्याचं वाईट मला त्या दिवशीही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आणि ते माझ्याशी ज्या आवाजात बोलले होते, त्यावर ट्यूमर बोर्डला मी आणखी काय करायला हवं होतं? असो. तू मात्र तसं करू नकोस. तुला सरांबरोबर आणि सर्जनबरोबर बरीच वर्षं काढायची आहेत.

सरांकडे जाशील तेव्हा ‘हे लोब्युलर नाही’ असं म्हणू नकोस. नम्रपणाचा प्रश्न नाही, तोही एक नकार झाला. ‘कार्सिनोमा नाही’ हे ‘ट्रिपल निगेटिव्ह’इतकंच पोकळ आहे. मला न्यूक्लियस वेगळे वाटतात, हेही पोकळ आहे, रागावू नकोस. तुझी शंका एमपीओ किंवा त्याच्या भावंडांपैकी कुणीतरी तपकिरी होईपर्यंत शंकाच आहे. सरांना एवढंच म्हण की ईआर शून्य आहे, इन-सिटू कुठे दिसत नाही, केरॅटिन लावलेलं नाही, लावू का? यावर कुठलाही पॅथॉलॉजिस्ट नाही म्हणणार नाही. म्हणालाच, तर ब्लॉक बाहेर सेकंड ओपिनियनला पाठवायचा आग्रह धर आणि माझं नाव सांग. मी आधीच पुरेशी बदनाम आहे.

आणि केरॅटिन पॉझिटिव्ह आलं तर? येऊ दे. मग तो खरंच ट्रिपल निगेटिव्ह कार्सिनोमा आहे, आणि तो आहे हे तुझ्याकडे लेखी असेल. तेव्हा ‘माझी शंका फुकट गेली’ असं तोंड करून बसू नकोस. आपण ल्युकेमिया शोधायला बसलेलो नाही, ती पेशी कोण आहे ते शोधायला बसलोय.

तोवर प्रोव्हिजनल रिपोर्टमध्ये दिसतंय तेवढंच लिही: सुट्या ॲटिपिकल पेशींचा इन्फिल्ट्रेट, वंश ठरवण्यासाठी इम्यूनो चालू, हिमॅटोलिम्फॉइड आजार वगळायचा आहे, पेरिफेरल स्मिअर आणि हिमॅटॉलॉजीचं मत घ्यावं, निदान निश्चित होईपर्यंत शस्त्रक्रिया करू नये. शेवटचं वाक्य ठळक अक्षरात. ‘फेव्हर लोब्युलर’ लिहू नकोस. ‘फेव्हर’ शब्द सर्जनच्या डोळ्यांना दिसत नाही, पुढचा शब्द तेवढा दिसतो. स्टेरॉइड कुणी सुरू करत असेल तर ते पुन्हा बायॉप्सी होईपर्यंत थांबवायला सांग. लिम्फॉइड काही असेल तर पेशी विरघळून जातील आणि हातात चोथा राहील. पुन्हा बायॉप्सी घ्यावी लागली तर तू स्वतः तिथे उभी राहा. एक धागा फॉर्मॅलिनमध्ये, एक सलाइनमध्ये किंवा आरपीएमआय द्रवात, जिवंत पेशींचे मार्कर मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीसाठी, ताबडतोब पोचवायचा. आणि इम्प्रिंट, स्लाइडवर टेकवून घेतलेला ठसा. वॉर्डबॉय सगळं एकाच बाटलीत कोंबेल आणि मग फ्लोचा विषय संपला.

दोन दिवस जातील म्हणून तू घाबरली आहेस. ल्युकेमियात दिवस मोजावेच लागतात, ते मी नाकारत नाही. म्हणून तर स्मिअर आजच्या आज हवा, त्याला तासभरही लागत नाही. ऑपरेशनच्या तारखेला पोचण्याची घाई नको.

बाईशी बोलायची पाळी तुझ्यावर येणार नाही, पण आलीच, तर नाव कळेपर्यंत तिला कुठलंच नाव देऊ नकोस. एक कॅन्सर सांगून आठवड्याने तो बदलून दुसरा सांगणं हे तिच्या घरच्यांना दोन वेळा सांगितल्यासारखं होतं.

रात्री स्मिअर झाला की मला फोटो पाठव, ऑइल इमर्शनवरचे, आणि फोकस नीट कर, मागच्या वेळी सगळे धूसर होते. स्मिअरवर ब्लास्ट दिसले तर माझ्या उत्तराची वाट बघत बसू नकोस. हिमॅटॉलॉजीच्या ऑनकॉलला तूच फोन लाव आणि सर्जनना त्याआधी कळव, त्यांना दुसऱ्याकडून कळता कामा नये.